नरम आमिष आणि वऱ्हाडचे पाणी : प्रस्तावना

वऱ्हाडचे नाव काढले की परमुलखातल्या माणसाच्या मनात कापूस, काळी जमीन, संत्र्यांचे बगीचे, वैशाखातला उन्हाळा आणि पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी एवढ्याच गोष्टी येतात. मासा येत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, ज्या मुलखातल्या बहुतेक नद्या पावसाळा सरला की वाळूत तोंड लपवितात, त्याच मुलखात माणसाने अडवून ठेवलेल्या पाण्याचा विस्तार मात्र गेल्या शतकाहून अधिक काळ सारखा वाढत आला आहे. इंग्रजी अमदानीत अमरावतीच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले वडाळी आणि छत्री हे तलाव, मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धेवर उभे राहिलेले अप्पर वर्धा धरण, ज्याच्या जलाशयाला नल-दमयंतीचे नाव मिळाले आहे, अकोल्याकडे महानचे काटेपूर्णा, सातपुड्याच्या पायथ्याचे वान, अंजनगावच्या बाजूचे शहानूर, आणि याखेरीज ज्यांची नावे तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नसतात असे असंख्य पाझर तलाव व गावतळी, एवढे हे पाणी आहे. त्यात मासा आहे, मासा धरणारे लोक आहेत, आणि अलीकडे राजापेठेच्या चौकातून पहाटेच्या अंधारात पाठीला लांबोडकी पिशवी बांधून छत्री तलावाकडे दुचाकी हाकणारी तरुण पोरेही आहेत. त्या पिशवीत काय असते आणि ते वापरावे कसे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय.

त्या पिशवीत फिरकीची दांडी असते, बारीक विणीचा दोरा गुंडाळलेले रीळ असते आणि एका डबीत मऊ प्लास्टिकची आमिषे असतात. बोटभरापासून वीतभरापर्यंत लांबीचे, गांडूळ, बेडूक, झिंगा, लहान मासळी किंवा सृष्टीत कोठेही न आढळणारा एखादा जीव यांच्या आकाराचे हे आमिष असते. गळ त्याच्या अंगात लपविलेला असतो, आणि दांडी धरणाऱ्याच्या मनगटाबरहुकूम ते पाण्यात वळवळते, पोहते, थबकते. जिवंत गांडूळ गळाला लावून काठावर बिडी ओढीत बसणाऱ्याचे निम्मे काम ते गांडूळच परस्पर उरकीत असते. इथे मात्र आमिषात जीव नाही, वास नाही म्हटले तरी चालेल, आणि जी काही हालचाल करावयाची ती माणसाने पन्नास-साठ हात दूर उभे राहून, न दिसणाऱ्या तळावर, नुसत्या दोऱ्याच्या आधाराने करावयाची आहे. म्हणूनच ही विद्या शिकावी लागते. बाजारात या मालाला सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात. पुस्तकभर मी त्याला नरम आमिष म्हटले आहे.

गळाने मासा धरणे हा उदरनिर्वाहाचा व्यवसाय असतो तसा विनोदही असतो, ही कल्पना साहेबाने आपल्याकडे आणली असा एक समज आहे आणि तो निराधार आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथाच्या विनोदविंशतीत मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून वश करावे, गळ कसा टाकावा, या गोष्टी तेथे राजाच्या करमणुकीच्या म्हणून, परंतु शास्त्राच्या शिस्तीने सांगितल्या आहेत. आयझॅक वॉल्टनचा गळावरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ चा, म्हणजे त्यानंतर पाच शतकांनी आलेला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून श्रीगोंदेकरांच्या संपादनाने मानसोल्लास १९२५ पासून छापून येऊ लागला, आणि १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातील मत्स्यविनोदाचा परामर्श घेतला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख ज्या ग्रंथात आहे म्हणून आमचे वाङ्मयेतिहासकार तो वरचेवर उघडतात, त्याच ग्रंथातले माशांचे पान त्यांच्यापैकी फार थोड्यांनी उलटले असावे.

इंग्रजी अमदानीत या विषयाला दुसरे वळण लागले. मुंबई लष्करातील कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले तेव्हा इथल्या भोयांच्या तोंडची नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत बसविली. शिंगाळा त्या वाटेने लॅटिनमध्ये गेला. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधील हेन्री सलिव्हन थॉमस यांचे हिंदुस्थानातील गळावरचे पुस्तक १८७३ साली आणि तलावातील गळावरचे स्वतंत्र पुस्तक १८८७ साली निघाले. परंतु साहेबाचा जीव गुंतला होता महसीर माशात, अर्थात डोंगरी, वाहत्या, स्वच्छ पाण्यात. आणि त्या पंथाचे सगळे शास्त्र धातूच्या चमचमत्या पत्र्यांचे आणि खळाळत्या प्रवाहांचे राहिले. याच्या अगदी उलट बंगाल्यांचा संप्रदाय: साचलेल्या पुष्करिणीच्या काठी बसून रोहू-कटल्यासाठी मसाल्याचा चारा पेरणे, कणकेच्या गोळ्यांत काय काय मिसळले हे सख्ख्या भावालाही न सांगणे आणि बोयाकडे ध्यान लावून दिवस घालविणे. मुंबईत १८९१ साली बांधलेल्या पवई तलावावर पुढे जी गळकऱ्यांची परंपरा रुजली, तिच्यातही हाच कणकेचा आणि धीराचा मार्ग प्रधान आहे. मी त्याची थट्टा करीत नाही. रोहू, कटला, मृगळ ही शाकाहारी किंवा बारीकसारीक खाद्यावर जगणारी मासळी. तिला प्लास्टिकच्या मासोळीमागे धावण्याचे प्रयोजन नाही, आणि कणकेची बरोबरी तिथे दुसरे काहीही करू शकत नाही.

वऱ्हाडची स्वतःची रीत या तिन्हींहून वेगळी होती व आहे. भोई समाजाचे फेकजाळे, नाल्याच्या तोंडाशी लावलेले बांबूचे सापळे, रात्रभर सोडून ठेवलेले गळांचे दोर आणि मरळ माशासाठी गळाला टोचलेला जिवंत बेडूक, या गोष्टी कोणत्याही गावतळ्यावर आजही दिसतील. डोंगरपट्ट्यात गेळफळ किंवा हिंगणबेट ठेचून पाणी मातविण्याची जुनी रीत होती; तीहून कितीतरी वाईट अशी सुरुंगाची आणि शेतीच्या औषधांची रीत पुढे आली, जी १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा ठरलेली असूनही पुरती नाहीशी झालेली नाही. गळाचा छंद म्हणून विचार करणारी माणसे मात्र इथे विरळच. गळ टाकून बसलेला माणूस म्हणजे ज्याला दुसरा उद्योग नाही असा माणूस, हा जो सार्वत्रिक निवाडा आपल्या आळीतून दिला जातो, त्यावर अपील करण्याची ही जागा नव्हे.

कृत्रिम आमिषाची कल्पना युरोप-अमेरिकेत जुनीच. धातूचा चमचा एकोणिसाव्या शतकात आला. लाकडी मासोळ्या त्याच्या मागून आल्या. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडातून घडविलेली मासोळी तर जगभर गेली. पण ही सारी कठीण आमिषे. माशाने तोंडात घेतले की दातांना लाकूड किंवा पत्रा लागतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तो मासा ते थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात गळ बसला तर बसला. रबराची गांडुळे करण्याचे प्रयत्नही आधी झाले होते, परंतु रबर ताठ राहते, ते वळवळत नाही. ही अडचण सोडविली ती निक क्रीम या अमेरिकन कारागिराने. ओहायो राज्यातील ॲक्रन हे मोटारींच्या टायरांचे गाव; तेथे १९४९ साली निक आणि त्यांची पत्नी कॉझ्मा यांनी घरातल्या घरात प्लास्टिक वितळवून, साच्यात ओतून, खऱ्या गांडुळाइतके मऊ गांडूळ केले. पुढे त्यांचा कारखाना टेक्सासमधील टायलर या गावी गेला, आणि खरा इतिहास तिथून सुरू होतो.

याचे कारण वऱ्हाडी वाचकाने नीट समजून घ्यावे, कारण त्यात त्याचे स्वतःचे पाणी दडलेले आहे. त्या काळी टेक्सासच्या पूर्व भागात मोठमोठी धरणे होत होती. सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड हे अफाट जलाशय १९६० च्या दशकात भरले, आणि भरताना उभी जंगले पोटात घेऊन भरले. पाण्याखाली झाडांचे सापळे, फांद्यांचे जाळे, आणि त्यांच्या आडोशाला बास जातीचा शिकारी मासा. उघडा गळ तिथे टाकला की तो माशाऐवजी लाकडात रुतावयाचा. या अडचणीतून जी बांधणी निघाली ती टेक्सास बांधणी. गळाचे टोक नरम गांडुळाच्या नाकातून नखभर आत घालावयाचे, बाहेर काढावयाचे, गळ फिरवून त्याची दांडी नाकात बसवावयाची, मग गळाचा वाक गांडुळाच्या अंगावर नेमका कोठे येतो हे नुसते टेकवून पाहावयाचे, आणि तिथेच टोक पुन्हा अंगात खुपसून कातडीच्या आत दडवून ठेवावयाचे. दोऱ्यावर गळाच्या पुढे गोळीच्या आकाराचे शिसे मोकळे सोडावयाचे. नवशिक्याच्या हातून इथे हटकून घडते ते असे की, टोक दोनचार भाताचे दाणे पुढे किंवा मागे खुपसले जाते, गांडुळाला पोक येतो, आणि ओढताना ते स्वतःभोवती गरगरून दोऱ्याला पीळ घालते. असे आमिष मासा घेत नाही. बांधणी करून ते काठावरच्या उथळ पाण्यात हातभर ओढून पाहावे. सरळ आले तर फेकावे, नाही तर सोडवून पुन्हा बांधावे.

आता आपल्या धरणांकडे पाहावे. पाणी चढले तेव्हा नाल्याकाठच्या बाभळी, शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, जुन्या गाडीवाटा आणि उठविलेल्या गावांच्या भिंती त्यात गेल्या. टेक्सासात ज्या कारणाने ही विद्या निपजली ते कारण इथे जसेच्या तसे हजर आहे. शिवाय आपल्याला एक अशी सोय आहे की, जिच्यासाठी परदेशातले गळकरी यंत्रांवर पैसा ओततात: मे महिन्यात आपले जलाशय इतके आटतात की अर्धा तळ उघडा पडतो. त्या उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून कोरड्या तळावरून चालत जावे, बुंधे कोठे आहेत, नाल्याचे जुने पात्र कोठे वळते, गाडीवाट कोठून उतरते, हे काठावरच्या न बुडणाऱ्या खुणांशी जोडून वहीत मांडावे. आश्विन-कार्तिकात पाणी चढून निवळले की तीच वही उघडून त्या जागी आमिष टाकावे. गाळ वरून सुकलेला दिसला तरी काळ्या मातीत कंबरेपर्यंत रुतणारी जागा असते, तेव्हा एकट्याने जाऊ नये. या पुस्तकात पाण्याचा विचार आमिषाच्या आधी घेतला आहे तो या समजुतीने की, ज्याला तळ ठाऊक आहे त्याला दोन रंगांची आमिषे पुरतात, आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याला शंभर रंगही अपुरेच.

नरम आमिष काम का करते, याचे उत्तर थोडे बारकाईने दिले पाहिजे. बहुतेक वेळा मासा ते घेतो ते ओढताना नव्हे, पडताना. शिसे तळाकडे उतरू लागले की गांडुळाची शेपटी मागे लहरत राहते. काठावरच्या माणसाला त्या वेळी फक्त पाण्यावर सैल पडलेला दोरा दिसत असतो. तो दोरा एकाएकी टचकन उडाला, किंवा बाजूला सरकू लागला, किंवा तळ यायच्या आधीच थांबला, तर खाली कोणी तरी आमिष तोंडात घेतले आहे असे समजावे. मऊ असल्यामुळे ते दातांना मांसासारखे लागते आणि मासा ते क्षणभर अधिक धरून ठेवतो. या जास्तीच्या क्षणावर ही सगळी विद्या उभी आहे. कठीण आमिषाने मासेमारी करणारा डोळ्याने आणि वेगाने करतो. नरम आमिषवाल्याला सावकाशीची सवय जडवून घ्यावी लागते, आणि आमच्याकडच्या तरुणांना नेमकी तीच अवघड जाते. रीळ फिरविण्यात मौज आहे, थांबण्यात नाही.

क्रीमच्या गांडुळानंतर या विषयात संप्रदाय पडले. अमेरिकेतला मूळ पंथ दणकट दांडी, जड शिसे आणि झुडपांत घुसून मासा ओढून काढण्याचा. त्याच पंथात १९७० च्या दशकात कोयत्यासारखी वळलेली, ओढताच फडफडणारी शेपटी आली. जपानी पंथाने नेमके उलट केले: ज्या पाण्यात मासे थोडे आणि गळकरी फार, तिथे दोरा बारीक, आमिष लहान, हालचाल जवळजवळ नाहीच. शिसे दोऱ्याच्या अगदी टोकाला आणि गळ त्याच्या हातभर वर, अशी बांधणी तिकडूनच जगात पसरली. नुसत्या पेन्सिलीसारखे दिसणारे, मिठाने जड केलेले, मधोमध गळ टोचून सोडले की दोन्ही टोके थरथरवीत खाली जाणारे जे आमिष आहे, तेही गॅरी यामामोटो या जपानी वंशाच्या अमेरिकनाचे. युरोपीय पंथ शिशाच्या डोक्याचा गळ आणि चपट्या शेपटीची मासोळी यांवर भर देतो. आपल्या कोकणपट्टीतल्या खाड्यांतून जिताडा धरणारे हौशी लोक याच वाटेने जातात. चौथा पंथ आग्नेय आशियाचा आणि आपल्या केरळचा, ज्याचे सारे लक्ष मरळीवर आणि ज्याचे मुख्य आयुध पोकळ बेडूक. आमच्या दृष्टीने चौघांत धाकटा असला तरी महत्त्वाचा हाच.

याचे कारण उघड आहे. नरम आमिषाचे नव्वद हिस्से शास्त्र बास या माशाच्या स्वभावावर रचलेले आहे, आणि बास वऱ्हाडात नाही. इंग्रजी पुस्तके व चित्रफिती पाहून शिकलेला मुलगा छत्री तलावावर येतो, टेक्सास बांधणीचे लांब गांडूळ टाकतो, त्याला खाली टकटक लागते, तो झटका देतो आणि हाती येते ते अर्धे तुटलेले प्लास्टिक. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, मरळ चावते. तिच्या जबड्यात अणकुचीदार दात असतात, ती आधी शेपटीचा लचका तोडते, मग परतते. म्हणून तिच्यासाठी आखूड आणि जाड अंगाचे आमिष घ्यावे, गळ शक्य तितका मागे आणावा, आणि पहिल्या टकटकीला हात आवरावा. दुसरा भेद याहून मोठा. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही, हवा गिळण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावेच लागते. सकाळच्या शांत पाण्यात तो बुडबुडा आणि ते वर्तुळ ओळखता आले की मासा कोठे आहे हे तिने स्वतःच सांगितल्यासारखे झाले. बास असा पत्ता कधी देत नाही.

पोकळ बेडकाची करामत पाहण्यासारखी असते. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो बेशरमीच्या झाडोऱ्यातून, जलपर्णीवरून, शिंगाड्याच्या पानांवरून न अडकता सरपटत येतो. मरळीने खालून धडक देऊन जबडा मिटला की पोकळ अंग चेपते आणि दोन्ही टोके उघडी पडतात. पाणी उसळते, पाने उडतात, आणि इथेच नवशिक्या घात करून घेतो, कारण आवाज ऐकताच तो दांडी ओढतो आणि बेडूक रिकामा त्याच्या तोंडाकडे उडत येतो. बेडूक दिसेनासा होऊन दोरा ताणला जाईपर्यंत हात स्थिर ठेवणे ही या मासेमारीतली पहिली आणि शेवटची परीक्षा. जिवंत बेडूक टोचणाऱ्या जुन्या माणसांना हे शिकवावे लागत नाही; गिळू द्यावे, मग ओढावे, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक आहे. अशा एका वृद्ध भोईबुवांनी माझ्या हातातला प्लास्टिकचा बेडूक उलटापालटा करून, हुंगून, बोटांनी चेपून पाहिला आणि “हे तं मेलेलंच हाय, हालवणारा जित्ता पाहिजे” असा अभिप्राय दिला. प्रस्तावनेत मी जे पानोपानी सांगतो आहे ते त्यांनी एका वाक्यात उरकले होते.

मरळीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. पावसाळ्याच्या प्रारंभी ती अंडी घालते आणि नरमादी दोघेही पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागाशी एकत्र फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप असतात. त्या वेळी थव्यावर टाकलेल्या बेडकावर मरळ हमखास तुटून पडते, भुकेने नव्हे, रागाने. अनेक चित्रफितींत ही युक्ती मोठ्या फुशारकीने दाखविली जाते. आईबाप काढले की पिले इतर माशांच्या पोटात जातात, इतका सरळ हिशेब आहे. या पुस्तकात ती युक्ती शिकविलेली नाही. शिंगाळा, शिवडा आणि वांब यांचाही विचार पुस्तकात आहे, परंतु तळाशी गंधाने खाद्य शोधणाऱ्या माशांपुढे नरम आमिषाची मात्रा कमी चालते, हे कबूल करून.

पाण्याच्या रंगाचा प्रश्न इथल्या मातीने निकडीचा केला आहे. काळ्या जमिनीवरून आलेले पाणी आषाढ-श्रावणात चहासारखे गढूळ असते. त्यात माशाला दिसते थोडे, मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनरेषेने कंपने कळतात. तेव्हा चपट्या शेपटीचे, पाणी हलविणारे, गडद रंगाचे आमिष घ्यावे. हिवाळ्यात पाणी निवळले की लहान, फिकट, शांत. रंगांविषयी बाजारात जे पुराण चालते त्याचा सारांश मला एवढाच दिसला. खारपाणपट्ट्यातल्या तळ्यांचा आणि सातपुड्याच्या झऱ्यांचा स्वभाव भिन्न आहे, त्याची चर्चा योग्य स्थळी येईल.

ही वस्तू कशाची होते, हेही वापरणाऱ्याने जाणावे. पीव्हीसीची पूड तेलासारख्या मृदूकारी द्रवात कालवून तापविली की घट्ट पारदर्शक रस होतो; तो साच्यात ओतून थंड केला की आमिष तयार. द्रव जास्त तितका मऊपणा जास्त. याचे परिणाम व्यवहारात भोगावे लागतात. दोन रंग एका डबीत ठेवले की एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. काही जातींच्या कठीण प्लास्टिकच्या डब्या ही आमिषे चक्क विरघळवितात. नव्या रबरी जातीची आमिषे पीव्हीसीच्या आमिषांशेजारी ठेवली तर दोहोंचा मिळून चिकट गोळा होतो. ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्याच्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या मासोळ्यांच्या शेपट्या कायमच्या वाकतात. तुटलेली आमिषे घरच्या स्वयंपाकघरात वितळवून पुन्हा ओतण्याचा मोह कोणी धरू नये. त्या धुराने जे होते ते क्रीम दांपत्याच्या आख्यायिकेत सांगितलेले नसते.

आणि ती तुटलेली आमिषे पाण्यात टाकूही नयेत. मासे ती गिळतात, पोटात ती फुगतात व पचत नाहीत. कोणत्याही तलावाच्या काठाला आधीच इतके प्लास्टिक साचलेले आहे की त्यात आपली भर ती काय, असे म्हणणे सोपे आहे. परंतु गुटख्याची पुडी माशाच्या तोंडात जावी म्हणून कोणी तिला शेपटी लावीत नाही, आपण लावतो. तुकडे खिशात घालून परत आणणे एवढाच उपाय आहे. शिसे या जड धातूऐवजी दुसरे धातू वापरावेत की नाही, हा वाद परदेशात चालू आहे. आपल्याकडे दुकानात मिळते ते शिसेच, आणि ते दाताने दाबू नये इतके तरी पाळावे.

पाणी कोणाचे, हा प्रश्न मी प्रस्तावनेत मुद्दाम घेतो, कारण छंदाच्या पुस्तकांतून तो बहुधा टाळला जातो. आपल्या बहुतेक तलाव-जलाशयांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. संस्था पैसे भरते, रोहू-कटला-मृगळाची बोटुकली आणून सोडते, राखण करते, आणि मग वर्षअखेर चार पैसे पाहते. तिथे आपण विनापरवाना दांडी उघडली तर तो मामला छंदाचा राहत नाही, दुसऱ्याच्या शेतात कणसे मोडण्याचा होतो. सुदैवाने नरम आमिष ज्या माशाला भुलविते तो संस्थेच्या पिकातला नव्हे. मरळ तर बोटुकली खाते, सबब काही संस्थांना ती नकोशीच असते, जरी बाजारात जिवंत मरळीला भाव चांगला येतो. तेव्हा संस्थेच्या चेअरमनला आधी भेटावे, आपण काय धरणार आणि काय सोडणार हे सांगावे, मागतील ती फी भरावी. माझा अनुभव असा की, विचारणाऱ्याला क्वचितच नकार मिळतो. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात आणि काटेपूर्णेसारख्या अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तिथे परवानगीवाचून गळ टाकता येत नाही, आणि सिपना किंवा खापरा नदीच्या निळ्या डोहांकडे पाहून हळहळण्यापलीकडे आपण काही करू नये हेच उचित.

या पुस्तकाची आताच गरज का भासली, तर दांडी आणि रीळ आता स्वस्त झाले आहे. पूर्वी ज्या वस्तू मुंबईहून, तेथेही ओळखीने, आणाव्या लागत त्या आज घरपोच येतात, आणि त्यांच्याबरोबर येणारे ज्ञान मात्र परक्या पाण्याचे आणि परक्या माशाचे असते. परिणामी दोन-तीन महिने तुटके प्लास्टिक गोळा करून पोरे कंटाळतात आणि दांडी माळ्यावर जाते. किंवा त्याहून वाईट, यश येत नाही म्हणून राखणीवरच्या मरळीमागे लागतात. मराठीत या विषयाचे वऱ्हाडच्या पाण्यावर पारखून घेतलेले पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा प्रयत्न. त्यात महसीर घेतलेला नाही, कारण तो मासा आणि त्याचे पाणी हा निराळा आणि आज नाजूक झालेला विषय आहे. कंपन्यांच्या मालाची तुलना नाही, कारण ती छापून होईपर्यंत शिळी होते. पाककृतीही नाहीत, मरळीच्या कालवणाविषयी वऱ्हाडी घराघरांत इतके ठाम मतभेद आहेत की त्यात पडण्याची माझी छाती नाही.

बांधण्यांच्या आकृत्या गळाच्या प्रत्यक्ष मापाच्या काढविल्या आहेत, तेव्हा पान उघडे ठेवून गळ त्यावर टेकवून पाहता येईल. आमिषांची लांबी इंचांत आणि शिशाचे वजन ग्रॅममध्ये दिले आहे, कारण दुकानात तशीच मागणी करावी लागते. ज्याच्या हाती दांडी अजून आलेली नाही त्याने पाण्याचा भाग आधी वाचावा, आणि पुस्तक मे महिन्यात हाती पडले असेल तर वाचण्यापूर्वी एखाद्या आटलेल्या तलावाच्या तळावरून फेरी मारून यावी. ज्याने आधीच बरीच आमिषे तोडून घेतली आहेत त्याने थेट मरळीचे प्रकरण उघडले तरी हरकत नाही.

राजापेठ, अमरावती